पाटलांच्या घरी क्षेम

"काकू, उत्तर चुकलं की सरळ 'नामंजूर' दाबायचं. कोण, कुठलं, कशाला आलंय, विचार करत बसायचं नाही. तुम्ही विचार करत बसता."

भरतेश चौगुलेचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. हायस्कूलवर मास्तर असलेला, तोंडात सदा घाई असलेला मुलगा. शाळा सुटली की चपला बाहेर काढून मंदिराच्या ऑफिसात यायचा आणि माझ्या खुर्चीमागं उभा राहून मी टाइप केलेलं वाचायचा. बोटांना खडू तसाच असायचा.

"आणि माणूस खरंच आपल्यातलं असलं तर?" मी विचारलं.

"आपल्यातल्या माणसाला हे उत्तर येतंच की. प्रश्न तुम्हीच काढलाय, काकू."

ते खरं होतं. प्रश्न माझाच होता.

आमचं गाव सांगलीच्या खाली, कृष्णेच्या काठावर. आमच्या जैन मंदिराच्या ट्रस्टनं वेबसाइट काढली तेव्हा सगळ्यांना कौतुक वाटलं होतं. व्रतांचे विधी, दशलक्षण पर्वाचे कार्यक्रम, दर महिन्याचं तिथीपत्रक, आणि सगळ्यांत जास्त उघडली जाणारी वधू-वर सूची. सगळं उघडं. कुणीही यावं, वाचावं, उतरवून घ्यावं. त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. मंदिराचं दार उघडं असतं, तसंच हे.

मग पायगोंडा भाऊजींच्या लेकीला, प्रणालीला, फोन यायला लागले. भाऊजी म्हणजे माझ्या यजमानांचे चुलत भाऊ, ट्रस्टचे अध्यक्ष. सूचीत प्रणालीचा फोटो होता, उंची, शिक्षण, मोबाईल नंबर. कुठल्या तरी लांबच्या गावचा माणूस फोन करून नको ते बोलायचा. एक नंबर बंद केला की दुसऱ्या नंबरावरून. पोरगी कॉलेजला जायची थांबली, आणि कशामुळं ते आईलाही सांगेना. कळलं तेव्हा भाऊजी मीटिंगमध्ये उभेच राहिले. आवाज चढवणारा माणूस नव्हे, पण त्या दिवशी चढवला.

"आजपासून सगळ्याला कुलूप. आपलं आपल्यापुरतं. भरतेश, कसं करायचं ते तू बघ."

"लॉगिन ठेवू की," भरतेश म्हणाला. "ज्याला बघायचं त्यानं अर्ज करायचा. आपण मंजूर केला तरच आत. पण गावचे आपण ओळखू. पुण्या-मुंबईचे, परदेशातले कसे ओळखायचे? आडनावावरून म्हणाल तर पाटील शेजारच्या गल्लीतपण आहेत."

मी कोपऱ्यात बसले होते. मीटिंगमध्ये मी बोलत नसे. पण तेव्हा सहज तोंडातून गेलं, "आपल्या मंदिरातले मूलनायक भगवान कोण, एवढं विचारा की."

मूलनायक म्हणजे मधल्या वेदीवरची मुख्य मूर्ती. आमच्याकडं शेंबडं पोरही हे चुकणार नाही. बाहेरच्याला मात्र प्रश्नच कळायचा नाही.

"वैनी बोलत न्हाईत, पण बोलल्या की मुद्द्याचं," भाऊजी म्हणाले, आणि अर्ज बघायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

मला ते काम बरंच वाटलं. त्याच महिन्यात आऊ, म्हणजे माझ्या सासूबाई गेल्या होत्या. यजमान आधीच गेले होते. मुलगा बंगळूरला. तो फोनवर "आई, जेवलीस का?" विचारायचा आणि मी "जेवले" म्हणायची, की बोलणं संपलं. आऊ शेवटी शेवटी फारशा बोलत नव्हत्या, पण घरात दुसऱ्या माणसाचं असणं हे बोलण्यावर थोडंच असतं? मी सकाळी सवयीनं दोघींचं पाणी गाळायची. मग एवढं पाणी समोर घेऊन उभी राहायची. स्वाध्यायाला बसले की वाचताना आवाज मोठा लागायचा, आऊंना ऐकू कमी येई म्हणून. मोकळ्या घरात माझा तो मोठा आवाज मलाच परका वाटायचा. मग हळू वाचायला शिकले.

मंदिरातला पूजापाठ आटोपला की मी ऑफिसात येऊन अर्ज उघडायची. गमती असायच्या. एकानं उत्तरात लिहिलं होतं, "श्री आदिनाथाय नमः, पासवर्ड लवकर द्यावा, सूची बघायची आहे, वय निघून चाललंय." त्याला मी हसत हसत मंजूर केलं. दुसऱ्या एकानं लिहिलं, "महादेव." त्याला नामंजूर करताना उगीच वाईट वाटलं. बिचाऱ्यानं अंदाजानं का होईना, देवाचं नाव तर घेतलं होतं.

आणि एका दुपारी तो अर्ज आला. एस. जी. लोहार, गडहिंग्लज. काय बघायचं आहे: तिथीपत्रक. मूलनायक: श्री चंद्रप्रभ भगवान.

भरतेशनं मागून वाचलं. "लोहार? आणि चंद्रप्रभ? गेलं. दाबा, काकू."

"दाबते."

"विचार करताय."

"न्हाई रे. तू जा, तुझे पेपर तपासायचे असतील."

तो गेला. मी दाबलं नाही. का ते मलाही सांगता आलं नसतं. बाहेरचं माणूस 'महादेव' लिहील, 'महावीर' लिहील. चोवीस तीर्थंकरांतून नेमके चंद्रप्रभ त्याला कुठून सापडले? उजेड असेपर्यंत जेवून घ्यायचं असतं म्हणून मी कॉम्प्युटर बंद केला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अभिषेक झाला, अभिषेकाचं पाणी, गंधोदक, कपाळाला लावलं आणि मी वेदीला प्रदक्षिणा घालायला लागले. मधे आदिनाथ भगवान, काळेभोर, माणसाएवढे उंच. डाव्या वेदीपाशी आले आणि पाय थांबले. तिथं चंद्रप्रभ होते. लहानसे, पांढरेशुभ्र. रोज त्यांना नमस्कार करते मी. रोज करते म्हणूनच विसरले होते.

मी लग्न होऊन आले तेव्हा मधल्या वेदीवर हेच होते. मंदिर तेव्हा कौलारू होतं, आत जाताना वाकावं लागे. पुढं नवं मंदिर झालं, आदिनाथांची मूर्ती आली, प्रतिष्ठापनेचा मोठा पंचकल्याणक महोत्सव झाला आणि चंद्रप्रभ बाजूच्या वेदीवर गेले. गावचं जे माणूस म्हणून बाहेर होतं, ते सगळं त्या महोत्सवाला आलं होतं. म्हणजे ज्यानं हे उत्तर लिहिलं, त्यानं आमचं जुनं मंदिर पाहिलं होतं आणि त्यानंतर ते एकदाही गावात आलं नव्हतं.

असं एकच माणूस मला माहीत होतं. आणि त्याचं नाव आमच्या घरात घेत नसत.

दुपारी ऑफिसात कुणी नव्हतं. अर्जावरचा नंबर मी लावला.

"हॅलो, कोण?" बाईचा आवाज. मागं लोखंडावर काहीतरी ठोकत होतं.

"जय जिनेंद्र," मी म्हटलं.

ती फोन बाजूला धरून कुणाला तरी म्हणाली, "जरा थांबवा ओ ते." ठोकणं थांबलं.

"जय जिनेंद्र," ती म्हणाली. बऱ्याच दिवसांत न उघडलेली कडी काढावी तसं, जपून.

"मंदिराच्या वेबसाइटच्या ऑफिसातनं बोलतेय. तुमचा अर्ज आलाय."

"मिळणार का मला?"

"उत्तर जुळत न्हाई तुमचं."

"असं कसं? चंद्रप्रभच की. पांढरे, एवढेसे. समई हलली की कपाळावरचा उजेडपण हलायचा."

"आता आदिनाथ आहेत. नवं मंदिर झालं. चंद्रप्रभ डाव्या वेदीवर आहेत."

"असं होय," ती म्हणाली. मग थोडं हसली. "म्हणजे देवालापण सरकावं लागलं म्हणायचं."

ते हसणं मी ओळखलं. मी नवी नवरी होते तेव्हा रात्री मिटल्या दारामागं तोंडावर पदर धरून आम्ही दोघी असंच हसायचो. शशिकला, माझी धाकटी नणंद. जयसिंगपूरच्या कॉलेजला जायची. परक्या घरात पहिले सहा महिने माझ्याशी माणूस म्हणून बोलणारी ती एकटीच होती. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधल्या गणपती लोहाराबरोबर ती गेली, त्या दिवशी मामंजींनी सगळ्या घराला डोक्यावरून अंघोळी घालायला लावल्या. मेलेल्या माणसाच्या नावानं घालतात तशा. मीपण घातली. आऊंनीपण घातली. त्यानंतर तिच्या नावाचा उच्चार नाही.

पण मी लगेच ओळख दिली नाही. धीर झाला नाही.

"तिथीपत्रक कशाला पाहिजे तुम्हाला?" मी विचारलं. "अष्टमी-चतुर्दशी तर कुठल्याबी कॅलेंडरात असती."

"तिथ्यांसाठी न्हाई ओ. खालच्यासाठी."

पत्रकात तिथ्या मांडून झाल्या की कागद खाली मोकळा उरायचा. मोकळा कशाला सोडायचा म्हणून मी तिथं गावचं काहीबाही लिहायला लागले होते. कुणाचं पारणं झालं, कोण आजारी, कुणाकडं बाळ आलं. वरच्या तिथ्या लोक बघतात, खालचं कोण वाचणार, असंच मला वाटायचं.

"ते खालचं लिहितं कोण?" तिनं विचारलं.

"का?"

"'आजारी होते, आता बरं आहे' असं कुणीबी लिहील. तुमच्यातलं ते माणूस लिहितं, 'काल मंदिराच्या पायऱ्या कुणाचा हात न धरता चढले.' मला त्या पायऱ्या दिसतात ओ. तिसरी पायरी जरा उंच हाय. हाय न्हवं अजून?"

"आता संगमरवरी केल्यात. सगळ्या सारख्या."

"असू दे. मी वाचताना उंचच धरते."

मी लिहिलेलं कुणी असं वाचतं हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मी खुर्चीत नीट बसले.

"एक विचारू?" ती म्हणाली. "रागावू नका. सगळ्यांच्या घरचं कधीतरी येतं. पाटलांच्या घरचं मात्र दर महिन्याला. 'जिनगोंडा पाटलांच्या घरी क्षेम.' काय झालं न्हाई तरी येतं. ते कोण सांगतं लिहायला?"

पहिलं पत्रक वेबसाइटवर गेलं त्या दिवशीची गोष्ट. मी घरी येऊन कौतुकानं सांगत होते. आऊ उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हे वाचतं कोण?"

"कुणीबी वाचील, आऊ."

"परगावचं?"

"परदेशातलंबी."

"नाव सांगाय लागतं, कोण वाचतंय म्हणून?"

"न्हाई. काही सांगाय लागत न्हाई."

त्यांनी दोन-तीन खडे वेचून बाजूला टाकले. "मग आपलं लिही. घरी क्षेम हाय म्हणून."

मला हसू आलं होतं. म्हाताऱ्या माणसाची हौस म्हणून मी मामंजींच्या नावानं लिहिलं. पुढच्या महिन्यात विसरले तर त्यांनी आठवण करून दिली. पायगोंडा भाऊजी तर थट्टाच करायचे, "काकींचं क्षेम म्हणजे रेडिओवरचं हवामान. पाऊस पडो न पडो, रोज सांगायचंच." माझे यजमान गेले त्या महिन्यातसुद्धा आऊ म्हणाल्या, "त्याचं लिही. आणि खाली क्षेमाचंबी लिही." मी रडत म्हटलं होतं, "आऊ, आता कसलं क्षेम?" त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "मी हाय न्हवं अजून? लिही."

मामंजींच्या शब्दाबाहेर त्या कधी गेल्या नाहीत. मामंजींच्या मागंही नाही. लेकीचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, निरोप धाडला नाही, कुणाला विचारलं नाही. फक्त दर महिन्याला, नाव न विचारणाऱ्या एका दारातून, मी आहे एवढं बाहेर सोडत राहिल्या. पोचतंय की नाही हे त्यांना कधी कळलं नाही.

"हॅलो? हायसा न्हवं?" फोनमधून आवाज आला.

"हाय."

"ह्या महिन्याचं उघडंना झालंय. लॉगिन करा म्हणतंय. तेवढी ओळ मला वाचून दाखवा, मग लॉगिन न्हाई दिलं तरी चालेल."

मी डोळे मिटले. "शशी," मी म्हटलं.

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"शशी, मी राजमती."

"वैनी." मग म्हणाली, "वैनी, ओळ हाय का?"

"न्हाई."

फोन खाली ठेवल्यासारखा आवाज झाला, पण चालू होता. मागं कुणीतरी विचारत होतं, काय झालं म्हणून. मी फोन कानाला लावून बसून राहिले. भिंतीवरचं घड्याळ, पंखा, बाहेर पाठशाळेतली पोरं णमोकार मंत्र म्हणत होती. परत तिचा आवाज आला तो अगदी साधा होता.

"कधी?"

"दशमीला, सकाळी. णमोकार चालू होता. ओठ हलत होते त्यांचे."

"त्रास झाला?"

"न्हाई झाला."

"माझं काही..."

मला खोटं बोलता येत नाही. व्रत आहे म्हणून नव्हे, ते घ्यायच्या आधीपासूनच. "नाव न्हाई घेतलं, शशी. कधीच न्हाई घेतलं. पण क्षेमाचं लिहायला त्याच सांगायच्या. दर महिन्याला. मी विसरले तर आठवण करून द्यायच्या. कुणासाठी ते मला आत्ता, तुझ्याशी बोलताना कळलं."

ती रडली. मोठ्यानं नाही. आम्हा दोघींनाही मोठ्यानं रडायची सवय नव्हती.

"दादाचं पत्रकातच वाचलं मी," ती मग म्हणाली. "तेव्हा निघाले होते. पिशवी भरली होती. ह्यांनी गाडीपण सांगितली होती. मग म्हटलं, माझ्या नावानं अंघोळी केल्यात. मेलेलं माणूस दुसऱ्याच्या मयताला कसं जायचं?" नाक ओढून ती हसली. "आणि आता मेल्या माणसाला लॉगिन कोण देणार, व्हय की न्हाई?"

"मी बघते भाऊजींना विचारून."

"नको. लॉगिनचं राहू द्या, वैनी. तुम्ही येता? एकदाच. आऊचं सगळं तुमच्या तोंडून ऐकायचंय मला. कशी बसायची, काय खायची. या न्हवं. जेवायला या."

यजमान गेल्यापासून मी शोधाचं जेवते. स्वतः निवडलेलं, स्वतः गाळलेलं, आपल्याच चुलीवरचं. लग्नकार्यातही घरून डबा नेते, हे गावात पोराटोरांना माहीत आहे.

"पाणी गाळून घेतीस?" मी विचारलं. काय विचारतेय मी हे, असं विचारतानाच वाटलं.

"दुपदरी फडक्यानं. सासू आधी म्हणायची, कुठनं खुळी पोरगी आणली, पाण्याला कपडे घालती. शेवटी शेवटी स्वतःच गाळायला लागली. दिवस मावळायच्या आत माझं जेवण होतं, वैनी. एक दिवस चुकला न्हाई."

"आणि कांदा-लसूण?"

"घरात येतो. खोटं कशाला सांगू? ह्यांना, पोरांना लागतो. माझी भांडी, चूल वेगळी हाय मागच्या सोप्यात. तिथं मी एकटीच जेवते." मग ती म्हणाली, "एवढी वर्षं एकटीच जेवते."

माझ्या डोळ्यांपुढं माझं घर आलं. स्वयंपाकघर, एक पाट, एक ताट.

"पौर्णिमेला येते," मी म्हटलं. "जेवायला येते."

"खरं?"

"शब्द देते."

संध्याकाळी भाऊजी आणि भरतेश दोघंही ऑफिसात असताना मी विषय काढला.

"भरतेश, तिथीपत्रक तेवढं कुलपाबाहेर काढता येईल का?"

"येईल की. दोन मिनिटांचं काम. का, काकू?"

"पोरींचे नंबर आत राहू देत. तिथ्यांना कुलूप कशाला?"

"आणि खालचं?" भाऊजी म्हणाले. "कोण आजारी, कुणाच्या घरी एकटी म्हातारी, हे सगळं लिहिता तुम्ही त्यात. चोराला आयतं सापडतंय. माझ्या पोरीचं बघितलंत न्हवं? उघडं ठेवलं म्हणून झालं ते."

त्यात खोटं काही नव्हतं. प्रणाली अजून अनोळखी नंबर वाजला की फोन उलटा ठेवायची, हे मी पाहिलं होतं.

"मग ह्या एका अर्जाचं बघा," मी म्हटलं. "उत्तर जुनं आहे, चूक न्हाई."

भाऊजींनी चष्मा वर करून पडद्यावर वाचलं. गडहिंग्लज. लोहार. चंद्रप्रभ. चष्मा काढला, धोतराला पुसला, परत घातला. भरतेश एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होता. त्या वेळी तो जन्मलाही नसेल.

"वैनी," भाऊजी हळू म्हणाले, "ते दार काकांनी लावलंय. ते हयात असते तर वेगळी गोष्ट. आता आपण कोण उघडणार?"

"तुमचीपण बहीणच ती."

"माझ्या पाठीला लागून वाढलेली," ते म्हणाले. "म्हणून तर सांगतोय. आज हिला दिलं तर उद्या ट्रस्टमध्ये प्रत्येक जण उठून विचारील. मी काय सांगू? नियम नियम असतो. तुम्हाला मी नियमाचं काय सांगावं?"

मी वाद घातला नाही. मला तो जमत नाही. माउस हातात घेतला आणि 'नामंजूर' दाबलं. पडद्यावरून ते नाव गेलं.

भाऊजी उठून गेल्यावर भरतेश घुटमळला. "काकू, रागावलात?"

"न्हाई रे बाबा. दाबायचं होतं ते दाबलं."

"कोण होतं ते?"

"आपल्यातलं माणूस," मी म्हटलं.

पौर्णिमेच्या सकाळी पूजा झाल्यावर मी वेदीसमोर उभी राहिले. रोज मी त्या दिवसापुरतं अंतर बांधून घेते, आज इथून पलीकडं जाणार नाही म्हणून. देशव्रत म्हणतात त्याला. कधी शिवार, कधी नदी. आऊ गेल्यापासून ते आक्रसत आक्रसत घर आणि मंदिर एवढंच झालं होतं, आणि मला त्यात काही कमी वाटेनासं झालं होतं. त्या दिवशी हात जोडून मी म्हटलं, "गडहिंग्लजपर्यंत." जवळची बाई वळून बघायला लागली, म्हणजे जरा मोठ्यानंच म्हटलं असणार.

घरी आले. चूल पेटवली नाही. लुगडं बदललं. पुढच्या महिन्याचं पत्रक लिहून झालं होतं, त्याची प्रत घडी करून पिशवीत ठेवली. वाटेत कोल्हापूरला गाडी बदलायची, लागेल म्हणून गाळलेलं पाणी घेतलं. डबा घेतला नाही. डबा घ्यायची सवय हाताला इतकी होती की फळीकडं हात दोनदा गेला.

भाऊजी त्यांच्या कट्ट्यावर पेपर वाचत बसले होते. माझ्याकडं बघून उठले. मला एस.टी.च्या रस्त्यानं जाताना त्यांनी कित्येक महिन्यांत पाहिलं नसेल.

"वैनी? कुठं निघालात?"

"जेवायला."

"जेवायला?" त्यांच्या हातातला पेपर खाली आला. "तुम्ही? कुणाकडं?"

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. त्यांनी पिशवीकडं पाहिलं, डबा नव्हता तिथं पाहिलं, आणि त्यांना विचारायची गरज उरली नाही. काहीतरी बोलतील असं वाटून मी थोडी थांबले. त्यांची स्कूटर गल्लीत आडवी लावलेली होती. ती त्यांनी उचलून भिंतीकडं सरकवली, मला जायला वाट होईल एवढी.

मी पदर नीट केला आणि चालायला लागले.